जंतुनाशकातले जंतू

अर्फाच्या पोटावरची पट्टी राणीनं पाचव्या दिवशी सोडली आणि गॉजवरचा हिरवट डाग बघून तिचा हात तिथंच थांबला. सिझरच्या टाक्यांच्या कडा लाल होऊन सुजल्या होत्या आणि मधल्या दोन टाक्यांतून पाणी पाझरत होतं. वास येत होता तो गोडसर, उतरलेल्या द्राक्षांसारखा. राणी तासगावकडची. बागेत पडून राहिलेल्या घडांचा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता, आणि जखमेतून तसा वास आला की तिथं कोणता जंतू बसलाय हे तिला चोवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

"काय झालं सिस्टर?" अर्फानं मान उचलून विचारलं. बावीस वर्षांची पहिलटकरीण. शेजारच्या पाळण्यात पाच दिवसांचं बाळ झोपलेलं.

"जरा पाझरलंय. हलू नगंस, पडून ऱ्हा."

सवयीनं राणीनं वाटी घेतली, भिंतीवरच्या निळ्या कॅनची तोटी फिरवली. जखम पुसायचं पिवळं जंतुनाशक औषध वाटीत पडलं. तिनं कापसाचा बोळा त्यात बुडवला, पिळला, जखमेपर्यंत नेला आणि टेकवायच्या आधीच मागं घेतला.

महिन्याभरातली ही तिसरी जखम होती. पहिला एका म्हाताऱ्याचा हर्निया, दुसरी आरग गावची बाई, गर्भपिशवी काढलेली. ऑपरेशनं वेगळी, दिवस वेगळे, चाकू धरणारे हातही वेगळे. तिघांच्या अंगाला लागलेली एकच गोष्ट सारखी होती, आणि तिच्यात भिजलेला बोळा आत्ता राणीच्या चिमट्यात होता.

तिनं तो बोळा टाकून दिला. सलाइनची सीलबंद बाटली फोडून जखम धुतली, नवीन पट्टी लावली. मग जखमेच्या पाण्याचा स्वॅब घेतला, आणि एका निर्जंतुक बाटलीत कॅनच्या तोटीतलं औषधही भरून घेतलं. दोन्ही नमुने तिनं स्वतः चालत जाऊन लॅबमध्ये दिले. लॅबवाल्यानं चिठ्ठी वाचून विचारलं, "सिस्टर, औषधाचा नमुना? जंतुनाशकात जंतू शोधायचेत?"

"शोधा," ती म्हणाली.

मिरजेत स्टेशनपासून आतल्या बाजूला असलेला तो तीस खाटांचा दवाखाना डॉक्टर हंबीररावांनी उभा केला होता. सगळे त्यांना थोरले डॉक्टर म्हणत. राणी विसाव्या वर्षी नर्सिंगचा कोर्स करून तिथं आली तेव्हा तिला पट्टी गुंडाळता येत होती, बाकी फारसं काही येत नव्हतं. थोरल्या डॉक्टरांनी तिला ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभं केलं आणि चार वर्षं शिकवलं. ते तिला लिहून घ्यायला लावायचे नाहीत, करून दाखवायचे.

"राणी, औषध लावलं की जंतू मेला असं नसतं," ते म्हणायचे. "आयोडीन जंतूच्या आत शिरतं, आतली सगळी जुळणी मोडतं. पण त्याला वेळ लागतो. दोन मिनिटं तरी दे, आणि आपोआप सुकू दे. घाईनं पुसलंस तर तू नुसता रंग दिलास."

रक्त-पू तसाच ठेवून वरून आयोडीन ओतलं तर ते त्या घाणीतच खर्ची पडतं, म्हणून आधी धुवायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून पेशंटला वाटतं लय काम चाललंय, पण तो फेस नव्यानं भरत आलेल्या मांसालाही भाजतो, म्हणून तो रोज वापरायचा नाही. स्पिरिट लावल्यावर ते पुरतं उडून गेल्याशिवाय डागायच्या मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर पेट घेतं. खेड्यातून येणाऱ्या जखमांवर हळद, राख, दात घासायची पावडर, काय काय लावलेलं असायचं. थोरले डॉक्टर चिडायचे नाहीत. "त्यांच्याजवळ होतं ते त्यांनी लावलं. आपल्याजवळ बरं आहे, तर आपण ते नीट लावू," एवढंच म्हणायचे.

आणि रोज सकाळची एक शिस्त होती. कालच्या बाटल्यांत उरलेलं पिवळं औषध ओतून टाकायचं, बाटल्या घासून वाफेच्या भांड्यात शिजवायच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात औषध नव्यानं पातळ करायचं, बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख घालायची, सही करायची. एका नवीन मुलीनं एकदा विचारलं होतं की रोज एवढं औषध कशाला फेकायचं. डॉक्टर म्हणाले, "पातळ केलेलं औषध शिळं झालं की त्यातसुद्धा जंतू घर करतो. काही जंतू इतके चिवट असतात की मारायला आणलेल्या औषधात पोसले जातात."

त्यांचा मुलगा वीरधवल मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हापासून सुट्टीत दवाखान्यात येई. त्याला हात धुवायला राणीनं शिकवलं. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. आणि हात कायम वर, म्हणजे पाणी कोपराकडं उतरतं, कोपरावरचं बोटांकडं येत नाही. तो कंटाळायचा. "ताई, अजून किती?" "अजून दोन मिनिटं, वीरदादा." वयानं ती मोठी, पण मालकांचा मुलगा म्हणून ती त्याला दादा म्हणायची, आणि तो तिला ताई. पहिल्या स्वतंत्र ऑपरेशनला त्याचे हात थरथरत होते तेव्हा समोर राणी उभी होती. तो मागायच्या आधीच ती हत्यार हातात देत गेली. ऑपरेशन झाल्यावर तो तिच्या पाया पडला होता. ऑपरेशन थिएटरमधल्या, ओटीतल्या सगळ्यांनी बघितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या डॉक्टरांचेच हात कापायला लागले. त्यांनी एका दिवसात निर्णय घेतला, दवाखाना मुलाच्या हाती दिला आणि वाईला बहिणीच्या शेजारी दोन खोल्या घेऊन राहायला गेले. वीरधवल पुण्याहून शिकून आलेला, हुशार, झपाट्यानं काम करणारा. त्यानं भिंती रंगवल्या, मशीन बदलली. पुढं दीड-दोन वर्षांनी ड्रेसिंग रूममध्ये, वॉर्डात आणि ओटीबाहेर भिंतीवर वीस-वीस लिटरचे तोटीवाले निळे कॅन बसवले.

राणी त्याला म्हणाली होती, "वीरदादा, बाटल्याच बऱ्या. कॅन रोज धुवून निघत नाही."

"रोज धुवायचाच कशाला? पातळी उतरली की वर भरायचं. ताई, ते जंतुनाशक आहे. त्यात जंतू कसे वाढतील?"

"थोरले डॉक्टर म्हणायचे—"

"बाबांचा जमाना वेगळा होता," तो हसून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अक्षरातला कागद कॅनशेजारी चिकटला. कॅन रिकामा करू नये. पातळी कमी झाल्यावर औषध व फिल्टरचे पाणी वर भरावे. खाली सही.

राणीनं वाईला फोन केला. थोरले डॉक्टर म्हणाले, मी बोलतो त्याच्याशी. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "बोललो. त्याचं त्याला बघू दे आता." राणीनंही मग ते सोडून दिलं. पहिले दोन-तीन आठवडे कॅनमध्ये भर घालताना तिच्या मनाला टोचत राहिलं, पुढं हाताला सवय झाली. चौदा महिने तो कॅन एकदाही रिकामा झाला नव्हता आणि भरणारा हात बहुतेक वेळा तिचाच होता.

नमुने दिल्यावर तिसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. अर्फाच्या जखमेत आणि कॅनच्या औषधात एकच जंतू होता. ज्या औषधांना तो जुमानत नव्हता त्यांची यादीही दोन्हीकडं सारखी.

राणी रिपोर्ट घेऊन थेट वीरधवलच्या केबिनमध्ये गेली. त्यानं तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरलेला बघून तिला त्याची कीव आली.

"कोणाला दाखवलात?"

"कोणालाच नाही. आधी तुमच्याकडं आणला."

"बरं केलंत ताई," तो म्हणाला. त्याच दुपारी सगळे कॅन भिंतीवरून उतरले, बाटल्या परत आल्या. अर्फाचे टाके उघडून जखम मोकळी केली, त्या जंतूला लागू पडणारी इंजेक्शनं सुरू झाली. राणीला वाटलं, पोरगा शेवटी बापावर गेलाय. चूक कळली की तिथल्या तिथं सुधारतो.

संध्याकाळी त्यानं तिला परत बोलावलं. समोर कोरे कागद ठेवले होते.

"ताई, हे सगळं एकदा लिहून ठेवायला हवं. पुन्हा असं व्हायला नको. औषध कसं भरलं जायचं, किती दिवसांनी, पाणी कुठलं, हे तुमच्याएवढं नीट कोणाला माहीत नाही. फाइलला राहील."

राणी बसून लिहायला लागली. आमच्याकडून चूक झाली, असं तिनं सुरुवातीलाच लिहिलं. त्यानं वाकून वाचलं.

"आमच्याकडून नको. तुम्ही जे केलंत तेवढंच लिहा. माझा जो भाग आहे तो मी वेगळ्या पानावर लिहीन. दोन्ही पानं एकत्र लावू."

ते तिला पटलं. आपलं आपण लिहावं, दुसऱ्याचं आपण कशाला लिहायचं. तिनं दुसरा कागद घेतला. कॅन मी भरत होते. तो रिकामा न करता, न धुता वर भरत होते. पाणी उकळलेले नव्हते. हे चुकीचे आहे हे मला माहीत असूनही मी केले. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली होती, पण ते खरं होतं, म्हणून लिहिलं. दीड पान झालं. खाली नाव, तारीख, सही. त्यानं कागद घेतला आणि म्हणाला, "घरी जा ताई, थकलाय तुम्ही. चार दिवस येऊ नका."

चार दिवसांनी सकाळी अकराला तिन्ही पेशंटचे नातेवाईक वरच्या हॉलमध्ये जमले. म्हाताऱ्याचा मुलगा दादासो सैन्यातून निवृत्त झालेला. त्यानं चौकशी करून बाकीच्या दोघांना गाठलं होतं. आरगच्या बाईचा भाऊ आला होता. अर्फाचा नवरा मुजीब एका कडेला भिंतीला टेकून उभा होता. राणीलाही बोलावणं आलं. तिला वाटलं, वीरधवल सांगेल, काही विचारलं तर आपण सांगू. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"डॉक्टर, आमाला सरळ सांगा," दादासो म्हणाला. "तीन मानसं एकाच महिन्यात, एकाच जाग्यावर. कुनाच्या तरी हातनं घान झालीया."

"तुमचा राग रास्त आहे," वीरधवल म्हणाला. "मी काही लपवणार नाही. आमच्या ड्रेसिंग विभागाच्या प्रमुख सिस्टरांकडून औषध तयार करताना हलगर्जीपणा झाला. त्यांनी तो लेखी मान्य केला आहे."

आणि त्यानं फाइलमधून राणीचं पान काढून वाचायला सुरुवात केली.

स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना राणीला आधी काही कळेचना. कॅन मी भरत होते. तो एकेक वाक्य शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत होता. हे चुकीचे आहे हे मला माहीत असूनही मी केले. इथं तो किंचित थांबला, आणि खोलीतल्या सगळ्या नजरा तिच्याकडं वळल्या. त्यानं पान फाइलमध्ये ठेवलं, फाइल मिटली.

"वीरदादा," ती म्हणाली, "तुमचं पान?"

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "ताई, तुम्ही आत्ता बोलायच्या मनःस्थितीत नाही. आपण नंतर बोलू." मग नातेवाइकांकडं वळून म्हणाला, "त्यांना आजपासून कामावरून कमी केलं आहे. तिन्ही पेशंटचा पुढचा सगळा उपचार दवाखाना करेल."

राणी उठली. कोणी तिला अडवलं नाही. पायऱ्या उतरून ती ड्रेसिंग रूममध्ये गेली. भिंतीवर कॅनशेजारी त्याच्या सहीचा कागद होता, तो आणून सगळ्यांपुढं ठेवायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कॅन जिथं होता तिथं स्क्रूची भोकं होती. कागद होता तिथं चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते.

शिवांजली, तिच्या हाताखालची नर्स, ट्रेमध्ये गॉज लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तो कागद सरांनीच काढला. तुम्ही पान लिहून घरी गेलात ना, त्याच संध्याकाळी."

"तू बघितलंस?"

"बघितलं." मग थोड्या वेळानं, "ताई, मला नका मध्ये घेऊ. घरी मी एकटीच कमावती आहे."

त्याच संध्याकाळी म्हणजे, घरी जा ताई म्हटल्यावर, राणी फाटकाबाहेर पडेपर्यंतसुद्धा तो थांबला नव्हता.

घरी तिची आई अंबूबाई वाटाणा सोलत बसली होती. लेक भर दुपारी आलेली बघून तिनं परात बाजूला सरकवली. राणीनं सगळं सांगितलं. अंबूबाईनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"लिवून का दिलंस गं त्यास्नी?"

"मागितलं म्हनून."

"आगं, परक्यानं मागितलं असतं तर दिलं असतंस का?"

"परक्यानं मागितलं असतं तर न्हवतं दिलं," राणी म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साताऱ्याच्या एसटीत बसली, साताऱ्याला गाडी बदलून वाईला उतरली. घाटावर कोणाचे तरी विधी चालू होते. पलीकडच्या गल्लीत थोरल्या डॉक्टरांच्या दोन खोल्या. ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये राणी, ये. बस. चहा ठेवायला सांगतो."

तिनं चहाआधीच सांगायला सुरुवात केली. डॉक्टर पुढं वाकून ऐकत राहिले. मध्येच विचारायचे. औषध किती पातळ केलं होतं? पाणी कुठलं? फिल्टरचं म्हणालीस? तोटी प्लास्टिकची? त्यांचे कापणारे हात गुडघ्यावर होते, पण डोळे पूर्वीसारखेच चमकत होते.

"तो जंतू पाण्यातून शिरला असणार," ते म्हणाले. "मग कॅनच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरून बसला. वरून तू कितीही नवं औषध ओत, थराच्या आत पोचत नाही. आणि नमुना तोटीतला घेतलास ते फार बरोबर केलंस. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं."

क्षणभर राणी विसाव्या वर्षीची झाली. ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभी राहून शाबासकी घेणारी.

मग तिनं हॉलमधलं सांगितलं. पान, फाइल, भिंतीवरून गेलेला कागद. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले.

"सर, कॅनचं मी तुम्हाला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. तुम्ही त्यांच्याशी बोललाही होता. आता नातेवाईक तक्रार करतील, चौकशी होईल. एवढंच सांगा, की ही पद्धत सिस्टरांची नव्हती. बाकी माझी चूक माझ्यावर राहू दे."

आतून डॉक्टरांच्या बहिणीनं चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला.

"राणी, तो माझा मुलगा आहे."

"मला माहीत आहे, सर."

"त्याचं अजून सगळं आयुष्य जायचंय. एकदा नाव खराब झालं की डॉक्टरकडं कोण येतं? तू समजूतदार आहेस. तुला मी दुसरीकडं कुठंही चिकटवतो. साताऱ्यात माझे दोघे-तिघे विद्यार्थी आहेत."

"आणि अर्फा? ती बावीस वर्षांची हाय, सर. तिची जखम मुठीएवढी उघडी हाय." चोवीस वर्षांत ती त्यांच्यापुढं गावाकडच्या बोलीत कधी बोलली नव्हती.

"ती भरेल. जंतू कळलाय, औषध चालू आहे. भरेल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला. राणी उठून उभी राहिली होती, त्यामुळं हात तिच्यापर्यंत पोचला नाही.

परतीच्या सगळ्या वाटेत तिला वीरधवलची आठवणसुद्धा आली नाही. त्याच्यावरचा राग स्वच्छ होता, त्याला धरून बसता येत होतं. थोरल्या डॉक्टरांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. हाताला जे काही येत होतं ते त्यांनी दिलेलं होतं, आणि समजूतदार आहेस म्हणताना त्यांचा आवाज शिकवतानाचा होता तसाच मऊ होता.

मिरजेला उतरून ती घरी गेली नाही. मुजीब तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या गल्लीत ती गेली. उन्हात वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या रांगेमागं तो एका भोपळ्याला कानस मारत बसला होता. तिला बघून त्यानं कानस खाली ठेवली, पण बस म्हणाला नाही.

राणीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅनचं, कागदाचं, लॅबचं, आपण लिहून दिलेल्या पानाचं. वाईचंही.

"म्हंजे तुमाला म्हाईत हुतं," मुजीब म्हणाला.

"चुकीचं हाय एवढं म्हाईत हुतं. असं हुईल ते न्हवतं म्हाईत."

"तरी भरत हुता."

"भरत हुते."

त्यानं मांडीवरचा भोपळा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सिस्टर, माज्या आईच्या पायाची जखम तुमी तीन महिने धुतलीसा. पाय ऱ्हायला तिचा. अर्फाचे दिवस भरत आले तवा सासऱ्यानं सांगलीच्या दवाखान्याचं नाव काढलं. मीच म्हनलो, न्हाई, तितं राणी सिस्टर हाय. डॉक्टरचं मला काय म्हाईत? आमी तुमच्याकडं बघून आलतो."

आदल्या दिवसापासून राणी आपल्यावर काय गुदरलं तेच उगाळत होती. या माणसाच्या बाजूनं बघितलं तर दगा देणारा हात तिचा होता.

"चौकशीत हे समदं बोलशीला?" त्यानं विचारलं.

"तेच सांगायला आले. लॅबकडं रिपोर्टची दुसरी प्रत हाय. ती मागून घ्या. माज्या नावानं बी तक्रार करा. दोगांच्या करा."

मुजीबनं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं तशीच तक्रार केली. दोघांच्याही नावानं. अर्फाला त्यानं त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात हलवलं.

चौकशी दीड महिना चालली. राणीनं जे होतं ते सांगितलं. लॅबनं रिपोर्ट दिला. वीरधवलनं सांगितलं की अशी कोणतीही लेखी सूचना त्यानं दिली नव्हती. शिवांजलीला काही आठवलं नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी वाईला फोन लावला तेव्हा थोरले डॉक्टर म्हणाले की वयामुळं त्यांना आता फोनवरचं बोलणं लक्षात राहत नाही. हे राणीला समोर बसवूनच वाचून दाखवलं गेलं. कॅनची तोटी प्लास्टिकची होती का हे विचारणारा माणूस काय विसरतो आणि काय विसरत नाही, हे तिथं कोणाला पटवून देणार?

निकाल आला तो अर्धामुर्धा. दवाखान्याची ओटी तपासणी होईपर्यंत बंद, व्यवस्थापनाला ताकीद, राणीवर सहा महिने काम करायला बंदी. वीरधवलची ओटी पाचव्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली.

अर्फाची जखम आतून भरत यायला सात आठवडे लागले, मग पुन्हा टाके घालावे लागले. राणी एकदा तिला भेटायला गेली होती. अर्फानं पदर बाजूला करून व्रण दाखवला, लाल, वेडावाकडा, पण कोरडा. बाळाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "उचलायला अजून जमत न्हाई. सासू देती हातात." तिनं राणीला दोष दिला नाही, बरं केलंत असंही म्हणाली नाही. चहा मात्र दिला. मुजीब तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

बंदी संपल्यावर राणीला म्हसवडला एका बाई डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात काम मिळालं. मुलाखतीला ती गेली तेव्हा सगळं आधीच सांगून टाकलं, निकालाचा कागदही पुढं ठेवला. बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "मी काही चुकीचं सांगितलं तर आता काय कराल?"

"करणार नाही," राणी म्हणाली. "आणि लिहूनही ठेवीन, तुमच्या सहीसकट." बाईंनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. अंबूबाईला घेऊन ती सिद्धनाथाच्या देवळामागं एका खोलीत राहायला गेली. मेंढरांमागं फिरणारी माणसं काटा मोडलेले, कुऱ्हाड लागलेले पाय घेऊन यायची. तिचा दिवस भरलेला असायचा.

माघात शिवांजलीचा फोन आला. थोरले डॉक्टर गेले. दहावा रविवारी, वाईला, घाटावर. "ताई, तुम्ही याल का? मला यायचंय, पण..." राणीनं कळवते म्हणून फोन ठेवला.

"जा," अंबूबाई म्हणाली. "मेल्या मानसावर राग धरू ने. हाताला इद्या त्यानंच दिली तुला."

"म्हनूनच," राणी म्हणाली. पण रविवारी सकाळी ती पांढरी साडी नेसून निघाली.

साताऱ्याच्या स्टँडवर ती साडेनऊला उतरली. वाईची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. माणसं चढत होती, एक नवरा-बायको पेरूची पाटी वर चढवत होते. राणी बाकावर बसली. घाटावर वीरधवल असणार, मुंडण केलेला, आणि तो नक्की ताई म्हणणार, हे तिला दिसत होतं. ते तिनं सोसलं असतं. पण नदीत उभं राहून ओंजळ सोडताना त्या माणसाला काय म्हणायचं, हे मात्र ठरत नव्हतं. आदर होता तेवढा होता, तो कमी झाला नव्हता, आणि त्यामुळंच तिला त्यांना माफ करता येत नव्हतं.

वाईची गाडी भरली आणि निघून गेली. अर्ध्या तासानं दुसरी लागली, तीही गेली. राणीनं स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं, चौकशीच्या खिडकीत म्हसवडची गाडी कधी आहे ते विचारलं, आणि दुपारी घरी पोचली.

अंबूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि ताट वाढलं.